सहकारी छळतो आणि वरचे लक्ष देत नाहीत: गोव्यात नवीन नोकरीला लागलेल्यांनी काय करायचं

माझ्या पहिल्या नोकरीत त्रास बसमध्येच सुरू व्हायचा. फोंड्याहून वेर्ण्याला जाणारी कंपनीची बस, मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये नवीन, आणि जी सीनियर मला छळायची ती बरोबर माझ्या पुढच्या सीटवर, मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, हिला काल साधं टायट्रेशन जमलं नाही, हिला घेतलं कोणी. लॅबमध्ये पोचल्यावर हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टचं काम कुठवर आलंय ते, द्यायची नाही, मी इन्स्ट्रुमेंट बुक केलं असलं तरी स्वतःची सॅम्पल लावून बसायची, आणि मग उशीर झाला की तो माझ्या नावावर. मी मॅनेजर सरांना तीन वेळा जाऊन सांगितलं, तिन्ही वेळा रडत रडत, आणि ते म्हणाले अ‍ॅडजस्ट कर बाय, ती जुनी आहे, कामाला चांगली आहे. बाकीच्या मुली म्हणायच्या सोड गो तें, तिचो सभावच तसो. असे सात महिने गेले.

नंतर ते बरंचसं थांबलं. कसं थांबलं ते खाली येईलच. पण तेव्हा माझ्या लक्षात न आलेली गोष्ट ही की मी तीन वेळा सांगितलं असलं तरी कंपनीच्या कागदावर मी एकदाही तक्रार केलेली नव्हती. तोंडी सांगितलेलं विसरता येतं, नाकारता येतं, "मला वाटलं ती सहज बोलतेय" असं म्हणता येतं. आता आमच्याकडे नवीन पोरं पोरी येतात आणि हेच विचारतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी: अंगावर हात टाकला, मारायची धमकी दिली, वाट अडवली, पाठलाग केला तर खालच्या पायऱ्या वाचत बसू नका. तिथून निघा, ११२ ला फोन करा, लागलं असेल तर सरकारी हॉस्पिटलात जाऊन तपासून घ्या आणि कागद घ्या, मग पोलिस स्टेशन. धमकी, मारहाण, वाट अडवणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, ते ऑफिसात घडले म्हणून "कंपनीची अंतर्गत बाब" होत नाहीत. एचआर म्हणेल आपण आपसात मिटवू, तर मिटवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि तेही आधी सुरक्षित जागी पोचल्यावर.

पहिली पायरी, त्रास कुठल्या प्रकारचा ते ओळखा

हे नीट केलं नाही तर पुढचं सगळं चुकीच्या दारात जातं. आपल्याकडे नुसत्या छळाविरुद्ध, म्हणजे ओरडणं, टोमणे, एकटं पाडणं, काम अडवणं यासाठी वेगळा कायदा नाही. पण यातले काही प्रकार दुसऱ्या कायद्यांत येतात.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल, म्हणजे स्पर्श, शरीरावरून बोलणं, घाणेरडे मेसेज, व्हिडिओ दाखवणं, नको असताना मागे लागणं, तर २०१३ चा कायदा आहे, ज्याला सगळे पॉश म्हणतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. समितीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर बघून ठेवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण पटण्यासारखं असेल तर समिती अजून तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते. आणि हे लक्षात ठेवा, कंपनीने दिलेली बस, ट्रॅक्ससुद्धा या कायद्यात कामाची जागाच धरतात, त्यामुळे "ते बसमधलं, आमचा काय संबंध" हे उत्तर चालत नाही. काँट्रॅक्टवर असलात, ट्रेनी असलात तरी हा कायदा तुम्हाला लागू आहे.

पण माझी केस त्यात बसत नव्हती. बाईने बाईला कामावरून छळणं, त्यात लैंगिक काही नाही, ते पॉश समितीकडे नेलं तर समिती म्हणणार आमच्या कक्षेत नाही, आणि बरोबरच म्हणणार. मुलगे पण लक्षात घ्या, या कायद्याखाली तक्रार बाईच करू शकते, तुम्हाला कोणी तसा त्रास दिला तर कंपनीच्या स्वतःच्या नियमांखाली किंवा पोलिसांत जावं लागेल.

जातीवरून अपमान झाला आणि तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात कंपनीकडून उत्तराची वाट बघायची गरज नाही, सरळ पोलिस.

बाकी उरलं ते सगळं, ओरडा, खोड्या, कामात अडथळा, त्याच्यासाठी खालच्या पायऱ्या.

दुसरी पायरी, वही

साधी स्वस्तातली वही घ्या आणि रोज शिफ्ट सुटल्यावर लिहा. फार्मा प्लांटमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो त्यामुळे रेकॉर्डिंग वगैरे विसरा, मी बसमध्ये बसूनच लिहायची. तारीख, वेळ, शिफ्ट, जागा, नेमके शब्द, कोण कोण होतं, आणि त्यामुळे कामाचं काय झालं. नेमके शब्द म्हणजे कोंकणीत बोलली असेल तर कोंकणीतच लिहा, भाषांतर करू नका, "अपमानास्पद बोलली" असं लिहू नका. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी "काही नाही" लिहा, हे महत्त्वाचं आहे, कारण नंतर कोणी वही बघितली तर कळतं की तुम्ही राग काढत नव्हता, नोंद ठेवत होता.

दोन आठवडे पुरे. दोन आठवड्यांनी वाचून बघा. मी वाचली तेव्हा मला दिसलं की बसमधलं बोलणं मला सगळ्यात जास्त लागत होतं पण कामाचं खरं नुकसान हँडओव्हर न मिळण्याने होत होतं, आणि तो प्रकार पंधरा दिवसांत पाच वेळा झालेला. म्हणजे रडत जे सांगत होते ते वेगळंच होतं आणि ज्याच्यावर कंपनीला हलावंच लागेल ते वेगळं होतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. पुरावा म्हणून बॅच रेकॉर्डचे, लॉगबुकचे, गेस्टच्या बिलाचे फोटो काढू नका, कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलला पाठवू नका. ते गोपनीयतेचं उल्लंघन होतं आणि मग तक्रार बाजूला राहते, तुम्हालाच मेमो येतो. तुमच्याकडे ठेवायचं ते तुम्ही स्वतः दिलेल्या तक्रारीची प्रत, तिची पोचपावती, आणि तुम्हाला आलेलं उत्तर. बाकीचं कंपनीच्या रेकॉर्डमध्ये आहेच, वेळ आली तर मागवता येतं, तुमच्या वहीत फक्त तारीख आणि शिफ्ट असली की झालं.

तिसरी पायरी, एकदा तोंडावर बोला

एकदाच. भीती वाटत असेल, मारकुटा माणूस असेल तर ही पायरी सोडून द्या. पण जमत असेल तर करावी, कारण पुढे पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही त्यांच्याशी बोललात का. शिफ्ट संपताना, आसपास कोणीतरी असताना पण गर्दी नसताना, एक वाक्य: "मॅडम, मला हँडओव्हर लिहून हवा, आणि चूक झाली तर मला बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको." संपलं. तुम्ही असं का करता, मी तुमचं काय वाईट केलंय, हे विचारू नका, त्यातून भांडणच निघतं. ती काय म्हणाली ते त्याच दिवशी वहीत. मला उत्तर मिळालं होतं, "तुला कामच करायचं नाही."

आता गोव्याची एक खास अडचण. इथे सगळे सगळ्यांच्या ओळखीचे. छळणारा माणूस तुमच्या मावशीच्या वाड्यावरचा निघतो, सुपरवायजर त्याच देवळाच्या कमिटीवर असतो, एचआरवाली तुमच्या भावाच्या वर्गातली. मग घरचे म्हणतात आम्ही सांगतो त्यांना. नको म्हणा. घरातून निरोप गेला की ते ऑफिसचं प्रकरण राहत नाही, दोन घरांचं होतं, चवथीला आणि लग्नात तोंड चुकवायची वेळ येते, आणि कंपनीला हात झटकायला कारण मिळतं की हे त्यांचं घरगुती आहे. घरी जरूर सांगा, मन मोकळं करा, पण निरोप्या करू नका कुणाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, स्टेटसवर तर काहीच नको.

चौथी पायरी, लेखी तक्रार

मॅनेजरला तोंडी सांगितलंत तरी त्याच संध्याकाळी मेल टाका: "सर, आज दुपारी तुम्हाला जे सांगितलं ते थोडक्यात लिहून पाठवते." कंपनीचा मेल आयडी नसेल, आणि ऑपरेटर, हाऊसकीपिंग, किचनमधल्या बऱ्याच जणांना नसतोच, तर दोन प्रती करा, एक द्या आणि दुसऱ्यावर सही, तारीख, शिक्का घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून लाजू नका, मराठीत लिहा, सोपं आणि नेमकं लिहिलेलं मराठी हे मोडक्या इंग्रजीपेक्षा हजार पटीने बरं.

माझी पहिली तक्रार मी लिहिली असती तर अशी झाली असती: "अमुक मॅडम माझ्याशी खूप वाईट वागतात, मला फार मानसिक त्रास होतो, कृपया योग्य कारवाई करावी." यावर कोणी काही करू शकत नाही, कारण वाईट म्हणजे काय, योग्य म्हणजे काय. वही वाचल्यानंतर मी जे दिलं ते साधारण असं होतं:

"३, ७ आणि १० तारखेला सकाळच्या शिफ्टला मला अमुक मॅडमकडून लेखी हँडओव्हर मिळाला नाही. १० तारखेला अकरा वाजता प्रोडक्शनच्या तिघांसमोर त्या मला म्हणाल्या, 'तुका तकली आसा?' हँडओव्हर नसल्यामुळे त्या दिवशी रिझल्ट चार तास उशिरा गेला. ८ तारखेला मी त्यांच्याशी स्वतः बोलले होते. माझी विनंती, प्रत्येक शिफ्टचा हँडओव्हर रजिस्टरमध्ये दोघींच्या सहीने व्हावा. १७ तारखेपर्यंत कळवावं."

एवढंच. (तकली म्हणजे डोकं, तुला डोकं आहे का असं ती म्हणाली होती.) विशेषणं नाहीत, स्वभावावर काही नाही, आणि मागणी अशी की जी मॅनेजर एका दिवसात पुरी करू शकतो. "तिला काढा", "तिची बदली करा" असं मागितलंत की मॅनेजर लगेच जुन्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. रजिस्टर मागितलं की त्याला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. लोकांसमोरच्या बोलण्याबद्दल वेगळं लिहिलंत तरी चालेल पण ते दुसऱ्या नंबरला, कामाचं नुकसान पहिलं. हे मला मनापासून आवडत नाही, माणसाच्या अपमानापेक्षा चार तासांचा उशीर जास्त मोजला जातो, पण मोजला जातो हे खरं आहे.

काँट्रॅक्टरमार्फत लागला असाल तर एक प्रत काँट्रॅक्टरला आणि एक कंपनीच्या एचआरला, दोन्हीकडे. नाहीतर काँट्रॅक्टर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी काँट्रॅक्टरकडे. सीझनला हॉटेलात लागलेले आणि स्टाफच्या रूमवर त्याच माणसाबरोबर राहणारे, तुम्ही तक्रारीत पहिली मागणी रूम बदलायचीच करा, ड्युटीचं नंतर बघता येईल, झोप नसली तर बाकी काहीच निभत नाही.

पाचवी पायरी, उत्तर आलं नाही तर

तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी त्याच मेलवर, नवीन मेल नाही, त्याच मेलच्या खाली लिहा: "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीला उत्तर मिळालं नाही. दरम्यान १४ आणि १६ तारखेला पुन्हा तसंच झालं." आणि आता एचआर किंवा मॅनेजरच्या वरच्यांना कॉपीत घ्या. ही जी एकाखाली एक साखळी तयार होते तिच्यात सहकाऱ्याचं वागणं तर दिसतंच, पण मॅनेजमेंट गप्प बसलं हेही तारखेसकट दिसतं. माझ्या वेळी दुसऱ्या मेलवर क्वालिटीच्या हेडना कॉपीत घेतलं आणि चार दिवसांत रजिस्टर आलं. तिला रोज सही करावी लागायला लागली आणि हँडओव्हर मिळायला लागला. तिने कधी माफी मागितली नाही, बसमधलं बोलणं पुढे महिनाभर चाललं, मी मागच्या सीटवर जायला लागले, मग हळूहळू तिलाच कंटाळा आला. मला हवं होतं तसं पूर्ण झालं नाही, पण रात्री झोप यायला लागली.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी. आधी हे औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झाला त्यातही आहे: मालक आणि कामगार दोघांचे समसमान सदस्य, जास्तीत जास्त दहा, घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज, आणि समितीने तीस दिवसांत निकाल द्यायचा. निकाल पटला नाही तर युनियनमार्फत साठ दिवसांत लेबरच्या समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. मॅनेजर लोक आणि १८,००० च्या वर पगार असलेले सुपरवायजर यात येत नाहीत. एचआरला एका ओळीचा मेल करा, "आपल्याकडच्या तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावं कळवावीत." बहुतेक नवीन लोकांना अशी समिती असते हेच माहीत नसतं.

सहावी पायरी, कंपनीच्या बाहेर

पणजीला पाटो भागात श्रमशक्ती भवन आहे, तिथे लेबर कमिशनरचं ऑफिस. सहकारी ओरडतो एवढ्यावर लेबर ऑफिस फार काही करू शकत नाही हे समजून जा, नाहीतर निराश होऊन परत याल. पण तक्रार केली म्हणून काढून टाकलं, पगार अडवला, समितीच बनवलेली नाही, अशा गोष्टी घेऊन गेलात तर तो त्यांचा विषय आहे. कामावरून काढलं असेल तर दोन वर्षांच्या आत वाद उभा करायचा असतो, पण इतकं थांबायचं कशाला, लगेच जा, सगळी साखळी प्रिंट काढून न्या. अर्ज मराठीत दिलात तरी चालतो, १९८७ च्या राजभाषा कायद्याप्रमाणे गोव्यात कोंकणीबरोबर मराठीचाही सरकारी कामात वापर होतो.

वकील परवडत नाही असं वाटत असेल तर १५१०० हा कायदेविषयक मदतीचा नंबर आहे. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, कारखान्यातल्या कामगारांनाही, हे १९८७ च्याच दुसऱ्या एका कायद्यात आहे.

पॉशची तक्रार केली असेल तर प्रत्येक तारखेला हजर राहा, प्रत्येक कागदाची प्रत मागा, जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, आणि चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा तुम्ही लेखी मागू शकता. गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, मे २०२३ मध्ये निकाल लागला, चौकशी घाईघाईत उरकली म्हणून कोर्टाने ती कारवाई रद्द करून प्रकरण परत चौकशीला पाठवलं, आणि देशभरात अशा समित्या खरोखर आहेत का ते तपासायला सांगितलं. म्हणजे समितीने गडबड केली तर तक्रार करणाऱ्या बाईची वर्षं वाया जातात, त्यामुळे तारखा आणि प्रती यांच्याबद्दल तुम्हीच जागं राहायचं.

तब्येत

हे मधेच लिहायला हवं होतं कारण हे सगळं चालू असतानाच माणूस खचतो. मला रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं, सोमवारची बस डोळ्यासमोर यायची. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे ओपीडीत जायला अजूनही लोक लाजतात, कोणी बघेल म्हणून. जा. डॉक्टरचा कागद रजेलाही उपयोगी पडतो आणि तक्रारीलाही.

नोकरी सोडायची झाली तर

कधी कधी तेच बरं असतं, आणि त्यात हार नाही, मी दुसऱ्या एका ठिकाणी तेच केलं. पण रागात राजीनामा फेकू नका. राजीनामा लेखी, नोटीस पिरियड अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून, आणि कारण लिहायचं तर एकच ओळ, "अमुक तारखांच्या तक्रारींवर कार्यवाही झाली नाही." एचआर म्हणेल "पर्सनल रिझन्स" लिहा, तसं लिहू नका, वाटल्यास कारणच लिहू नका. नवीन वेतन कोडप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. एक्स्पीरियन्स लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, टॅक्स कापला असेल तर त्याचा दाखला हे गेटपास परत करायच्या आधी मागा. पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करून सोडल्याची तारीख टाकलीय का ते महिन्या दोन महिन्यांनी बघा, ती नसली की पुढचं ट्रान्सफर अडकतं.

नवीन इंटरव्ह्यूत का सोडलं विचारलं तर जुन्या माणसाचं नाव घेऊ नका, "शिफ्ट हँडओव्हरची पद्धत नीट नव्हती, मी लेखी सुचवलं होतं" एवढं सांगा. आणि मग तुम्ही पण विचारा, तुमच्याकडे हँडओव्हर कसा होतो, रजिस्टर आहे का. मी आता प्रत्येक ठिकाणी हे विचारते.